श्रीलंकेतला नवा झुडपी बेडूक: जंगलातल्या रात्रीपासून छापील नावापर्यंत

श्रीलंकेचं क्षेत्रफळ सुमारे ६५,६०० चौरस किलोमीटर, म्हणजे महाराष्ट्राच्या पाचव्या हिश्श्याहून थोडंसंच जास्त. एवढ्या बेटावर झुडपी बेडकांच्या सत्तरहून अधिक प्रजाती नोंदल्या गेल्या आहेत. त्यांतल्या बहुतेक नैऋत्येच्या ओल्या पट्ट्यात आणि मधल्या डोंगरांत राहतात. रोहन पेथियागोडा यांनी १९९० साली स्थापन केलेल्या वाइल्डलाइफ हेरिटेज ट्रस्टने ही जंगलं पद्धतशीर चाळायला घेतली, तेव्हा कुठे हा आकडा वर सरकू लागला. २००५ साली केलुम मनमेंद्र-आरच्ची आणि पेथियागोडा यांनी एकाच ग्रंथात २७ नव्या प्रजातींची वर्णनं दिली. या गटाचं शास्त्रीय नाव स्यूडोफिलॉटस. सिंहलीत यांना पंदुरु मॅडिया, म्हणजे झुडपातला बेडूक म्हणतात.

हा लेख नवी प्रजाती शोधून तिचं वर्णन छापण्याच्या कामात नव्याने उतरणाऱ्यांसाठी आहे. उदाहरण बेडकाचं घेतलं असलं तरी पाल, सरडा किंवा गोगलगाईसाठीही टप्पे हेच राहतात. बदलतात ती मोजमापं आणि जपणुकीची रसायनं.

शब्दांबद्दल एक खुलासा आधीच करायला हवा. मराठी विश्वकोशात स्पीशीजला 'जाती' आणि जीनसला 'प्रजाती' म्हटलेलं आहे, तर वर्तमानपत्रं आणि निसर्गमंडळं स्पीशीजलाच 'प्रजाती' म्हणतात. इथे 'प्रजाती' म्हणजे स्पीशीज, आणि तिच्या वरच्या गटाला सरळ 'जीनस' म्हटलं आहे.

१. जंगलाआधी जुनी नावं

नवख्यांचा सगळ्यात महागात पडणारा गैरसमज असा की नवी प्रजाती जंगलात 'दिसते'. जंगलात दिसतो तो फक्त एक बेडूक. तो नवा आहे की नाही, हे आधी नाव मिळालेल्या प्रत्येक बेडकाशी ताडून पाहिल्यावरच ठरतं. त्यामुळे पहिले दोन-तीन महिने वाचनाला द्या.

एक तक्ता बनवा. जीनसमधलं प्रत्येक नाव एका ओळीत लिहा. आज वैध असलेली नावं घ्याच, पण कुणीतरी कधीतरी दिलेली आणि पुढे दुसऱ्या नावात विलीन झालेली नावंही सोडू नका, कारण तुमचा बेडूक अशाच एखाद्या बाजूला पडलेल्या नावाचा खरा मालक निघू शकतो. प्रत्येक नावासमोर मूळ वर्णनाचं वर्ष, ज्यावरून नाव दिलं तो नमुना कुठल्या संग्रहालयात आहे, तो कुठे पकडला होता, नर की मादी, लांबी किती, हे भरा. न्यूयॉर्कच्या अमेरिकन म्युझियम ऑफ नॅचरल हिस्टरीची उभयचरांची ऑनलाइन सूची इथे फार उपयोगी पडते. एकोणिसाव्या शतकातली मूळ वर्णनं बायोडायव्हर्सिटी हेरिटेज लायब्ररीवर फुकट वाचता येतात.

श्रीलंकेच्या बाबतीत या तक्त्यात दोन अवघड खड्डे आहेत. पहिला म्हणजे, जुन्या नमुन्यांच्या चिठ्ठीवर अनेकदा ठिकाण म्हणून फक्त 'सिलोन' एवढंच लिहिलेलं असतं. कुठला डोंगर, किती उंची, काही कळत नाही. दुसरा खड्डा म्हणजे हरवलेले नमुने. १८५०च्या दशकात एडवर्ड केलार्ट यांनी इथल्या बऱ्याच प्राण्यांना नावं दिली, पण ज्यांवरून ती दिली त्यांतले कित्येक नमुने आज सापडत नाहीत. मग मूळ वर्णनातल्या चार ओळी आणि मूळ ठिकाणाहून पुन्हा मिळवलेला बेडूक, एवढ्यावरच भागवावं लागतं. लंडन, बर्लिन आणि बासेलच्या संग्रहालयांत बेटावरचे जुने नमुने आहेत, आणि कोलंबोचं राष्ट्रीय संग्रहालय तर आहेच. क्युरेटरांना आधीच लिहिलं तर ते मोजमापं आणि छायाचित्रं पाठवतात. एका मेलमध्ये दहा नमुने न मागता नेमके दोन मागा.

जुन्या बरण्यांना कमी लेखू नका. २००७ साली स्यूडोफिलॉटस माया आणि स्यूडोफिलॉटस पार्डस या दोन प्रजातींचं वर्णन झालं ते एकोणिसाव्या शतकात गोळा केलेल्या नमुन्यांवरून. बेटावर कुणालाच ते बेडूक आता सापडत नाहीत. नाव मिळेपर्यंत ते नामशेष झालेले होते.

भारतालाही तक्त्यात जागा द्यायला हवी. पाल्कची सामुद्रधुनी उथळ आहे, हिमयुगांत समुद्राची पातळी उतरल्यावर ती कोरडी पडत असे. जनुकीय अभ्यासातून दिसतं की स्यूडोफिलॉटसचा विस्तार श्रीलंकेत झाला आणि त्यातली काही मंडळी परत मुख्य भूमीवर आली. सिंधुदुर्गातल्या आंबोलीवरून नाव मिळालेला स्यूडोफिलॉटस आंबोली त्याच घराण्यातला. म्हणून तुलना फक्त बेटापुरती ठेवली तर नियतकालिकाचे परीक्षक ती परत पाठवतील, आणि त्यात त्यांचं चुकणार नाही.

२. परवाने

श्रीलंकेतला मुख्य कायदा १९३७चा फॉना अँड फ्लोरा प्रोटेक्शन ऑर्डिनन्स. पण परवाना कुणाकडून घ्यायचा हे जमीन कुणाच्या ताब्यात आहे त्यावर ठरतं, आणि गोंधळ इथेच होतो. हॉर्टन प्लेन्स हे राष्ट्रीय उद्यान, ते वन्यजीव संरक्षण विभागाकडे. सिंहराजा आणि नकल्स ही जंगलं मात्र वन विभागाकडे. एका दिवसाच्या चालीत दोन्ही हद्दी ओलांडल्या जाऊ शकतात. म्हणून अर्ज करण्याआधी सरकारी नकाशावर आपल्या सगळ्या जागा मांडा. जंगलाचे उरलेले तुकडे बरेचदा चहामळ्यांच्या मध्ये असतात; तिथे मळ्याच्या व्यवस्थापकाची लेखी परवानगी वेगळी लागते. मळ्यातला बेडूक आहे म्हणून सरकारी परवाना टळतो, असं मानू नका.

अर्जात हे सगळं हवं: उद्देश, जागा, महिने, पकडण्याची पद्धत, मारण्याची पद्धत, प्रत्येक प्रजातीचे जास्तीत जास्त किती नमुने घेणार, ते शेवटी कुठे ठेवणार, आणि ऊती देशाबाहेर जाणार का. परदेशी अभ्यासकाने श्रीलंकेतला सहकारी संशोधक सोबत घ्यावा. सहीपुरता नव्हे, पहिल्या दिवसापासून. हातात किमान सहा महिने ठेवूनच अर्ज करा. नमुना किंवा ऊती देशाबाहेर नेण्यासाठी वेगळी परवानगी लागते. त्यामुळे शक्य ते सगळं, डीएनए वेगळा करण्यासकट, बेटावरच उरकणं सोयीचं असतं आणि योग्यही.

'दोन-चार किडे तर आहेत' म्हणणाऱ्यांनी २०२४चं 'याला' नावाच्या राष्ट्रीय उद्यानातलं प्रकरण लक्षात ठेवावं. विनापरवाना कीटक गोळा करणाऱ्या दोन परदेशी पर्यटकांना तिथे ६ कोटी श्रीलंकन रुपयांचा दंड झाला. यातला न्यायालयाचा भाग बाजूला ठेवला तरी, परवान्याचा क्रमांक नसलेला लेख आता कुठलंही चांगलं नियतकालिक घेत नाही.

हेच काम सह्याद्रीत करणाऱ्यांना २००२चा जैवविविधता कायदा लागू होतो. भारतात नवी प्रजाती सापडली तर तिचा नमुना सरकारने नेमलेल्या संग्रहात जमा करणं बंधनकारक आहे.

३. कधी, कुठे, काय घेऊन

ओल्या पट्ट्यात नैऋत्य मोसमी पाऊस मे ते सप्टेंबर. ऑक्टोबर-नोव्हेंबरात दोन पावसांच्या मधल्या काळातल्या सरी, आणि डिसेंबर ते फेब्रुवारी ईशान्य पाऊस. नर पाऊस पडून गेल्यावर ओरडतात, पण मुसळधार चालू असताना ना आवाज टिपता येतो ना फोटो. सर थांबल्यानंतरची संध्याकाळ उत्तम. साडेसहा ते अकरा ही वेळ धरा.

झुडपी बेडकांना तळं लागत नाही. त्यांची पिल्लं अंड्यातून थेट छोटा बेडूक होऊनच बाहेर येतात, मधली शेपटीवाली अवस्था पाण्यात जातच नाही. बहुतेक माद्या मातीत अंडी पुरतात; स्यूडोफिलॉटस फिमोरालिससारख्या थोड्या पानाच्या खालच्या बाजूला घालतात. सह्याद्रीत डबक्याकाठी बेडूक शोधायची सवय असेल तर ती इथे सोडावी लागते. कमरेपासून डोक्याच्या उंचीपर्यंतची झुडपं, वेलदोड्याची पानं, खोडावरचं शेवाळ, ओढ्यातले खडक, हे सगळं वरपासून खालपर्यंत बघा.

सामान थोडकंच घ्या: माणशी दोन हेडलाइट, नव्या झिप पिशव्या, शिसपेन्सिल, जलरोधक कागदाची वही, जीपीएस, तापमान व आर्द्रता मोजणारं यंत्र, ध्वनिमुद्रक, कॅमेरा. गुडघ्यापर्यंतचे गमबूट अनिवार्य आहेत. पालापाचोळ्यात बसणारा कुणकटुवा हा विषारी साप, म्हणजे आपल्या चापड्याचाच उंचावल्या नाकाचा छोटा भाऊबंद, श्रीलंकेत बऱ्याच जणांना चावतो, आणि नेहमीचं भारतीय प्रतिविष त्यावर काम करत नाही. उघड्या हाताने पाचोळा उपसायचा नाही.

जळवा असतातच. त्यांच्यासाठी जाड विणीचे, गुडघ्यापर्यंत येणारे मोजे वापरा. कीटकरोधक मलम हाताला लावलं असेल तर बेडकाला हात लावू नका. त्याची कातडी सगळं शोषून घेते आणि पिशवीत बेडूक मेलेला मिळतो. एका जंगलातून दुसऱ्यात जाताना बुटांचा चिखल घासून काढा, बूट ब्लीचच्या पाण्यातून काढा आणि वाळवा. बेडकांना मारणारी कायट्रिड बुरशी अशीच पसरते.

४. पकडण्याआधी

बेडूक दिसला की हात पुढे जातो. तो आवरा. ओरडणाऱ्या नराचा आवाज आधी टिपा, कारण पिशवीतला नर ओरडत नाही. मुद्रण डब्ल्यूएव्ही स्वरूपात, ४४.१ किलोहर्ट्झ आणि १६ बिटवर करा. माइक अर्धा ते एक मीटरवर धरा. किमान दहा हाका मिळेपर्यंत थांबा. मुद्रणाच्या शेवटी स्वतःच्या आवाजात तारीख, वेळ, तापमान, आर्द्रता आणि नमुन्याचा क्रमांक बोलून ठेवा. थंडीत हाकांचा वेग मंदावतो, म्हणून तापमानाशिवायचं मुद्रण तुलनेला कुचकामी. मोबाइलवर टिपून व्हॉट्सअ‍ॅपने पाठवलेला आवाजही विश्लेषणाला चालत नाही. दाबून लहान केलेल्या फाइलमधून नेमके हवे ते बारकावे गेलेले असतात.

मग बसल्या जागीच फोटो, मग झाडाची जात आणि जमिनीपासूनची उंची, आणि त्यानंतर तोच नर पकडायचा. आवाज एकाचा आणि नमुना शेजारच्याचा, अशी गफलत झाली तर पुढे ती ओळखू येत नाही. एका झुडपावर दोन प्रजाती ओरडत असणं इथे रोजचंच आहे.

एका पिशवीत एकच बेडूक, सोबत ओलं पान आणि थोडी हवा. पिशवी सावलीत राहू द्या. गाडीच्या काचेमागे ती अर्धा तास राहिली तर नमुना गेला.

सकाळी जिवंतपणी सगळे फोटो घ्या: वरून, बाजूने, पोटाकडून, हाताचा तळवा, पायाचा तळवा, आणि मांडी ताणून तिची मागची व पुढची बाजू. मांडीच्या आतल्या बाजूचे रंग एरवी झाकलेले असतात आणि रसायनात महिन्याभरात उडून जातात. जिवंतपणीचा रंग लिहायला दुसरी संधी मिळत नाही.

५. नमुना: किती, कसा

एका प्राण्यावरून प्रजातीचं वर्णन करायला नियमांची आडकाठी नाही. पण स्यूडोफिलॉटसमध्ये एकाच प्रजातीत तपकिरी, पट्टेदार, ठिपकेदार असे कितीतरी अवतार असतात. एकाच नमुन्यावर विसंबलात तर फरक प्रजातीचा की त्या प्राण्यापुरता, हे सांगता येणार नाही. परवाना आणि तिथली संख्या परवानगी देत असेल तर सहा ते दहा प्रौढ, नर-मादी दोन्ही, जमल्यास दोन ठिकाणचे घ्या. जंगलाचा तुकडाच काही हेक्टरांचा असेल आणि रात्रभरात तीनच नर ऐकू आले असतील, तर एक-दोन घ्या आणि बाकीच्यांचे आवाज, फोटो व मोजमापं घेऊन सोडून द्या. परवान्यात दहा लिहिलेत म्हणून दहा उचलायचे नसतात.

मारण्यासाठी एमएस-२२२ हे भुलीचं रसायन, लिटरला ५ ग्रॅम. हे द्रावण आम्लधर्मी असतं आणि ओल्या कातडीला झोंबतं, म्हणून सोडियम बायकार्बोनेट घालून पीएच ७ ते ७.४ वर आणा. ते नसेल तर पोटावर २० टक्के बेंझोकेनचं जेल, दातदुखीवर मिळतं तेच. हालचाल थांबली तरी लगेच मेला असं धरू नका. हृदय पूर्ण बंद झाल्याची खात्री करा.

आता क्रम महत्त्वाचा आहे: आधी ऊती, मग फॉर्मॅलिन. तांदळाच्या दाण्याएवढा यकृताचा किंवा मांडीच्या स्नायूचा तुकडा कापून ९५ ते ९९ टक्के शुद्ध इथेनॉलमध्ये टाका. इथेनॉल ऊतीच्या किमान दहापट हवं. दुसऱ्या दिवशी ते बदला, कारण ऊतीतलं पाणी मिसळून ते पातळ होतं. हार्डवेअरच्या दुकानातलं स्पिरिट चालत नाही. त्यातल्या भेसळीने डीएनए खराब होतो. दोन बेडकांमध्ये कात्री पुसून ज्योतीवर धरा, नाहीतर एकाचा डीएनए दुसऱ्याच्या कुपीत जातो. फॉर्मॅलिनमध्ये आधी घातलेल्या नमुन्यातून पुढे डीएनए काढणं फार अवघड आणि महाग पडतं. बरण्यांतल्या जुन्या बेडकांची नेमकी हीच अडचण आहे.

फॉर्मॅलिनचं प्रमाण असं: बाजारातल्या ३७ ते ४० टक्के फॉर्मल्डिहाइडचा एक भाग, पाण्याचे नऊ भाग. एक लिटर द्रावणात मोनोबेसिक सोडियम फॉस्फेट ४ ग्रॅम आणि डायबेसिक ६.५ ग्रॅम घाला. हे न घालता ठेवलं तर फॉर्मॅलिन हळूहळू आम्ल होतं, हाडांतला चुना विरघळतो आणि काही वर्षांनी एक्स-रे किंवा सीटी स्कॅनमध्ये सांगाडा धूसर येतो.

बेडूक थेट द्रावणात टाकला तर तो आकसून मुठीसारखा होतो. बोटं मिटली की बोटांमधले पडदे किती आहेत ते कायमचं झाकलं जातं. त्यासाठी झाकणाच्या पसरट डब्यात फॉर्मॅलिनने ओला केलेला कपडा अंथरा. बेडूक पोटावर ठेवा, मागचे पाय घडी घालून, पुढचे किंचित बाजूला, प्रत्येक बोट सुटं. वर दुसरा ओला कपडा. अर्ध्या ते एक तासात तो कडक होतो, मग पूर्ण बुडवा. दोन-तीन सेंटिमीटरच्या बेडकाला २४ तास पुरतात. नंतर दिवसभर पाण्यात ठेवा, पाणी दोन-तीनदा बदला, आणि ७० टक्के इथेनॉलमध्ये कायमचा ठेवा. ७० टक्क्यांसाठी ९५ टक्क्यांचं इथेनॉल ७० मिलिलिटर घेऊन ऊर्ध्वपातित पाण्याने ९५ मिलिलिटरपर्यंत भरा. नळाच्या जड पाण्याने द्रावण गढूळ होतं. हे सगळं खिडकी उघडी ठेवून, हातमोजे घालून करायचं आहे, हे नवशिक्याला दरवेळी सांगावं लागतं.

चिठ्ठी बेडकाच्या गुडघ्याच्या वर सुती दोऱ्याने बांधा. कागद सुती, लेखन शिसपेन्सिलीने किंवा कार्बनच्या काळ्या शाईने. बॉलपेनची शाई इथेनॉलमध्ये रातोरात विरघळते आणि उरतो तो अनाथ बेडूक. चिठ्ठीवर एकच क्रमांक. तोच वहीत, तोच ऊतीच्या कुपीवर, तोच फोटोत आणि तोच आवाजात. एकदा वापरलेला क्रमांक पुन्हा कधीही वापरू नका. वहीत अक्षांश-रेखांश दशांशात, जीपीएसच्या डब्ल्यूजीएस ८४ प्रणालीत, समुद्रसपाटीपासूनची उंची, जवळचं गाव, तारीख, वेळ, आणि गोळा करणाऱ्या सगळ्यांची नावं लिहा. वाटाड्याचं नावही.

६. मोजमाप

व्हर्निअर कॅलिपर, ०.१ मिलिमीटरपर्यंत. मुस्कटाच्या टोकापासून गुदद्वारापर्यंतची लांबी, डोक्याची रुंदी व लांबी, डोळ्याचा व्यास, दोन डोळ्यांतलं अंतर, कानाचा पडदा, पोटरी, मांडी, पाऊल, बोटांच्या टोकावरच्या चकत्यांची रुंदी. नेहमी उजवी बाजू. सगळे नमुने एकाच माणसाने, वेगवेगळ्या तीन दिवशी मोजावेत आणि सरासरी घ्यावी. दोन माणसांच्या हातात अर्ध्या मिलिमीटरचा फरक सहज पडतो, आणि वीस मिलिमीटरच्या बेडकात अर्धा मिलिमीटर म्हणजे थट्टा नव्हे. जिवंत आणि जपलेल्या नमुन्यांची मापं एका तक्त्यात मिसळू नका, जपताना ते आकसतात.

मापांइतकीच महत्त्वाची आहेत न मोजता येणारी लक्षणं: टाळूवर दात आहेत का, जिभेवर उंचवटा आहे का, पाठीवर काट्यांसारखे कण आहेत की ती गुळगुळीत, कानाचा पडदा स्पष्ट दिसतो की अस्पष्ट, नाकपुडी ते डोळा ही कड धारदार की गोलसर, पायाच्या बोटांत पडदा कुठपर्यंत. ही सूक्ष्मदर्शकाखाली, नमुना किंचित सुकू देऊन बघा. चकाकणाऱ्या ओल्या कातडीवर कण दिसत नाहीत.

प्रौढ आहे की नाही हे जननग्रंथींवरून ठरवा, आकारावरून नव्हे. कुशीत बारीक चिरा देऊन अंडाशय किंवा वृषण बघावेत. अर्धवट वाढलेल्या पिल्लाला 'बुटकी नवी प्रजाती' समजण्याची चूक छापील लेखांतही झालेली आहे.

७. डीएनए

उभयचरांसाठी १६-एस आरआरएनए जनुकाचा सुमारे ५५० अक्षरांचा तुकडा वापरायची रीत आहे. बहुतेक प्रजातींचा हाच तुकडा जेनबँकेत, म्हणजे डीएनए-क्रमांच्या सार्वजनिक ऑनलाइन संग्रहात, आधीपासून असल्याने तुलना सोपी जाते. फरक ३ टक्क्यांहून जास्त असेल तर 'लक्ष द्या' अशी घंटा समजा, निकाल नव्हे. काही खऱ्या प्रजातींत फरक याहून कमी असतो, तर एकाच प्रजातीच्या दोन दूरच्या वस्त्यांत जास्त. शिवाय हे जनुक फक्त आईकडून येतं, त्यामुळे जुना संकर असेल तर ते फसवतं. एखादं केंद्रकातलं जनुक जोडीला घ्या. आणि जेनबँकेतलं प्रत्येक नाव बरोबर असतं असं नाही. ज्या क्रमाशी तुलना करताय त्यामागचा नमुना कुठे आहे, मूळ ठिकाणाचा आहे का, हे आधी बघा.

८. निर्णय

आता हातात तीन पुरावे आहेत: शरीर, आवाज, डीएनए. तिन्ही एकाच दिशेला बोट दाखवत असतील तर लिहायला बसा. डीएनए वेगळा पण शरीरात काहीच फरक नाही, तर आणखी नमुने लागतील. शरीर वेगळं पण डीएनए तोच, तर बहुधा तो रंगाचा अवतार आहे. बाकी काम सोडून फक्त डोंगर वेगळा म्हणून प्रजाती वेगळी, हा युक्तिवाद करू नका. चहामळ्यांनी तोडलेल्या जंगलाच्या दोन तुकड्यांमधलं अंतर दीडशे वर्षांचं आहे. तेवढ्यात प्रजाती तयार होत नाही.

९. लेखन आणि नाव

प्राण्यांच्या नावांचा आंतरराष्ट्रीय संहिताग्रंथ, त्याची चौथी आवृत्ती २००० पासून लागू आहे. तिच्या मोजक्या अटी चुकल्या तर नावच ग्राह्य धरलं जात नाही. नाव नवं आहे हे स्पष्ट लिहिलेलं हवं. इतरांपासून वेगळं करणारी लक्षणं शब्दांत हवीत. नुसता फोटो किंवा डीएनएची टक्केवारी पुरत नाही. एकच प्राणी आदर्श नमुना, म्हणजे होलोटाइप, म्हणून क्रमांकासह जाहीर करून तो कुठल्या संग्रहात आहे ते सांगायला हवं. होलोटाइप कोलंबोच्या राष्ट्रीय संग्रहालयात ठेवा. संग्रह-क्रमांक हातात आल्याशिवाय लेख पाठवू नका.

लेखाचा कणा म्हणजे निदान, म्हणजे ओळखीच्या लक्षणांचा परिच्छेद. तो रंगावर उभा करू नका, कारण बरणीतल्या बेडकाला रंग नसतो. प्रौढ नराची लांबी, टाळूचे दात, पाठीची कातडी, पडदे, आवाज, अशा लक्षणांचा गुच्छ द्या. मग जवळच्या प्रत्येक प्रजातीशी त्याच क्रमाने, याचं हे विरुद्ध त्याचं ते, अशी तुलना करा. 'याहून काहीसा मोठा' असं न लिहिता 'प्रौढ नर अमुक ते अमुक मिलिमीटर' असं लिहा.

नाव लॅटिन लिपीच्या साध्या अक्षरांत, स्वरचिन्हांशिवाय हवं. पुरुषाच्या नावावरून असेल तर शेवटी 'आय' हे अक्षर, स्त्रीच्या नावावरून असेल तर 'ए-ई', आणि दोघांच्या मिळून असेल तर 'ओरम'. विशेषणाचं लिंग जीनसशी जुळतं; स्यूडोफिलॉटस पुल्लिंगी आहे. ठिकाणाचं नाव आंबोलीसारखं जसंच्या तसंही चालतं. सिंहली आणि तमिळ शब्दांनी छान नावं होतात, फक्त अर्थ स्थानिक माणसाकडून तपासून घ्या. स्वतःचं नाव देऊ नये. संहितेत बंदी नाही, पण या क्षेत्रात ते फारच वाईट दिसतं. दुसऱ्याच्या लेखात नावानंतरचा लेखक कंसात दिसला, तर समजा की ती प्रजाती मूळ वेगळ्या जीनसमध्ये वर्णिलेली होती. आंबोलीचंच बघा: २००९ साली बिजू आणि बोसुट यांनी तो फिलॉटसमध्ये ठेवला होता.

१०. छापताना आणि नंतर

फक्त ऑनलाइन निघणाऱ्या नियतकालिकात नाव वैध ठरायचं तर प्रकाशनाआधी लेखाची झूबँकेत, म्हणजे प्राण्यांच्या नावांच्या अधिकृत ऑनलाइन नोंदवहीत, नोंदणी हवी, त्या नोंदणीचा पुरावा लेखात छापलेला हवा आणि प्रकाशनाची तारीखही. झूटॅक्सा, झूकीज, सिंगापूरचं रॅफल्स बुलेटिन ऑफ झूऑलॉजी, श्रीलंकेचं टॅप्रोबॅनिका ही नेहमीची ठिकाणं. लेख निघेपर्यंत नवं नाव प्रबंधात, फेसबुकवर किंवा वार्ताहराला देऊ नका. वर्णनाशिवाय फिरणाऱ्या नावाला शास्त्रात 'नोमेन न्यूडम', उघडं नाव, म्हणतात. ते कुणाच्याच उपयोगाचं राहत नाही आणि गोंधळ मात्र वर्षानुवर्षं टिकतो.

सरडा किंवा पाल असेल तर नेमके अक्षांश-रेखांश छापू नका. श्रीलंकेचे शिंगवाले सरडे, सेराटोफोरा, पाळीव प्राण्यांच्या चोरट्या बाजारात जातात म्हणूनच २०१९ मध्ये साइट्स या वन्यजीव-व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या याद्यांत आले. गावाचं नाव आणि उंचीचा पल्ला एवढं पुरे. नेमके आकडे संग्रहालयाकडे आणि विभागाकडे द्या.

लेख निघाल्यावर त्याची प्रत, नमुन्यांची यादी आणि जागेच्या धोक्यांची टिपणं वन्यजीव विभाग, वन विभाग आणि मळ्याच्या व्यवस्थापकाला पोहोचवा, सिंहली व तमिळ सारांशासह. आययूसीएन या आंतरराष्ट्रीय निसर्गसंवर्धन संघटनेच्या उभयचर तज्ज्ञगटाला माहिती पाठवा, म्हणजे प्रजातीचं मूल्यांकन सुरू होऊ शकेल. डीएनएचे क्रम जेनबँकेत आणि आवाज एखाद्या सार्वजनिक ध्वनिसंग्रहात जमा करा. जंगलातल्या वहीची पानं स्कॅन करून होलोटाइपसोबत संग्रहालयाकडे सोपवा, कारण 'सिलोन' एवढंच लिहिलेल्या चिठ्ठ्यांशी झगडताना जे हवं होतं ते नेमकं त्या पानांवर असतं.